रुळांवर माणूस जातो तेव्हा चूक कोणाची, आणि बातमीने ती कशी सांगावी?

प्रश्न असा आहे: "रूळ ओलांडताना कोणी मेलं की 'रेल्वेने चिरडले' अशी बातमी येते. गाडी काय रूळ सोडून त्याच्या अंगावर गेली होती? चूक त्या माणसाची असताना माध्यमं ती सरळ का लिहीत नाहीत? स्वतःच्या जिवाची जबाबदारी माणसाने स्वतः घ्यायची की नाही?"

मी एका दैनिकात चोवीस वर्षं काढली. पहिली सात वर्षं पोलीस आणि रेल्वेच्या बातम्या गोळा केल्या, त्यानंतर डेस्कवर बसून इतरांनी आणलेल्या बातम्या लावल्या. रुळांवरच्या मृत्यूच्या किती बातम्या माझ्या हाताखालून गेल्या याची मोजदाद नाही. त्यातल्या बऱ्याच मी चुकीच्या लावल्या, हे आज कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते. 'रेल्वेने चिरडले', 'रेल्वेने उडवले' ही क्रियापदं खोटं चित्र उभं करतात. गाडीला वळता येत नाही. पोलादी चाक पोलादी रुळावर धावतं, त्यात घर्षण कमी असतं. म्हणूनच एक इंजिन हजारो टन ओढू शकतं आणि म्हणूनच ते सगळं लवकर थांबवताही येत नाही. ताशी 100 किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला 28 मीटर पुढे जाते. चालकाला माणूस दिसला, त्याने त्याच क्षणी आणीबाणीचा ब्रेक लावला, तरी गाडी थांबायला अर्धा-पाऊण किलोमीटर सहज लागतो. भरलेली मालगाडी त्याहून लांब जाते. म्हणजे चालकाच्या हातात भोंगा, ब्रेक आणि डोळे मिटून घेणं एवढंच उरतं. 'चालकाने ब्रेक का लावला नाही' असं बातमीत छापणाऱ्याने निदान एवढा हिशेब करायला हवा.

पण हा मथळा दयेपोटी दिला जातो असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. तो जागेपोटी दिला जातो. रात्री साडेअकराला पान सोडायचं असतं, एका कॉलमात तीन शब्द बसतात, वाक्याला कर्ता लागतो आणि गाडी हा हाताशी असलेला कर्ता. त्याच बातमीचा मजकूर तुम्ही नीट वाचलात तर पहिल्याच ओळीत 'निष्काळजीपणे रूळ ओलांडत असताना' असं सापडेल. मथळ्यात गाडी दोषी, मजकुरात माणूस दोषी. आणि तिथे प्रत्यक्षात काय झालं, हे दोन्हीकडे नाही. माझी खरी तक्रार इथे आहे.

ही बातमी जन्माला कशी येते ते सांगते. चालक पुढच्या स्थानकाला किंवा नियंत्रण कक्षाला कळवतो. स्टेशन मास्तर रेल्वे पोलिसांना मेमो देतो. पोलीस हमालांना घेऊन जातात, मृतदेह उचलला जातो, पंचनामा होतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते. रात्री वार्ताहर पोलीस ठाण्यात फोन लावून विचारतो, "आज काही आहे का?" पलीकडून चार ओळी सांगितल्या जातात. त्याच चार ओळी आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांच्यात एखादं विशेषण घालून छापतो.

'रूळ ओलांडताना' हे शब्द बहुतेक वेळा त्या पहिल्या मेमोतूनच आलेले असतात. मेमो लिहिणाऱ्याने घटना पाहिलेली नसते. चालकाने पाहिलीच तर काही सेकंद, तीही दिव्याच्या झोतात. आणि पहाटे रुळांच्या कडेला सापडलेल्या देहाचं तर कोणीच काही पाहिलेलं नसतं. तो माणूस रूळ ओलांडत होता, गर्दीच्या डब्यातून पडला, की जीव द्यायला आला होता? मेमोत एक शब्द पडतो आणि तो पुढे वर्षानुवर्षं त्या घराच्या मागे लागतो. आपल्या रेल्वे कायद्यातल्या कलम 124-अ प्रमाणे चालत्या प्रवासी गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाच्या वारसांना भरपाई मिळते, त्यात रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. रूळ ओलांडणाऱ्याला ती लागू नाही. त्याच्यासाठी कलम 147 आहे: विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एकाच देहाबद्दल 'पडून' लिहिलं तर एक दार उघडतं, 'ओलांडताना' लिहिलं तर दुसरं. वर्तमानपत्राचं कात्रण हा न्यायालयातला पुरावा नव्हे, पण नातेवाइकांना गाव काय म्हणतं ते त्या कात्रणावरून ठरतं. म्हणून ज्याचा साक्षीदार नाही त्याबद्दल 'मृतदेह रुळांजवळ आढळला' एवढंच लिहावं, हा नियम मी डेस्कवर लावला. वार्ताहर वैतागायचे. तरी लावला.

आता जबाबदारीबद्दल. माझं उत्तर स्पष्ट आहे: हो, रूळ ओलांडणाऱ्याची जबाबदारी असते, आणि बातमीत ती लिहिली पाहिजे. 'काळाने घाला घातला', 'दैवाने डाव साधला' असं लिहिणारा मृताच्या घरच्यांना दिलासा देत असेल, पण उद्या त्याच जागी उतरणाऱ्या माणसापासून तो सगळ्यात महत्त्वाची माहिती लपवतो. काळाला आपण अडवू शकत नाही. कोणत्या चुकीने माणूस गेला हे कळलं तर ती चूक टाळता येते.

मात्र 'बेपर्वाई नडली', 'शॉर्टकट जिवावर बेतला' असं लिहिल्यानेही ती माहिती पोहोचत नाही. कारण वाचणारा कोणीही स्वतःला बेपर्वा समजत नाही. रोज सकाळी रूळ ओलांडून कामाला जाणारी बाई स्वतःला सावध समजते. ती दोन्ही बाजूंना बघते. तिला 'बेपर्वा तरुण ठार' ही बातमी दाखवली तर ती म्हणेल, "तो बेपर्वा होता, मी बघून ओलांडते." बातमी वाया गेली. तिला जे सांगायला हवं होतं ते वेगळंच आहे: बघूनही माणसं मरतात, ती का मरतात?

याचं उत्तर शोधण्यात माझी बरीच वर्षं गेली. मला कळलेल्या गोष्टींपैकी दोन सांगते.

पहिली म्हणजे डोळा फसवतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्शल लाइबोविट्झ यांनी 1985 मध्ये मांडलं की मोठी वस्तू आपल्या डोळ्यांना प्रत्यक्षातल्यापेक्षा हळू चाललेली दिसते. मोठं विमान उतरताना जणू तरंगत असल्यासारखं वाटतं, तसंच गाडीचं. त्यात रुळांवर उभं राहून समोरून येणारी गाडी बघितली, तर ती बराच वेळ फक्त एक ठिपका असते. ठिपका मोठा होतोय हे अगदी शेवटी जाणवतं आणि मग तो एकदम मोठा होतो. दोन रूळमार्ग ओलांडायला साधारण नऊ-दहा मीटर चालावं लागतं. खडीवरून, रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरून, हातात पिशवी असेल तर सात-आठ सेकंद. तेवढ्यात ताशी 100 किलोमीटरची गाडी सव्वादोनशे मीटर पुढे येते. म्हणजे पाऊल टाकताना दोनशे मीटरवर, पुष्कळ लांब, दिसणारी गाडी ही प्रत्यक्षात अंगावर आलेली गाडी असते. शिवाय डबा रुळांपेक्षा रुंद असतो. आपल्या ब्रॉडगेजवर रुळाच्या बाहेर दोन्हीकडे पाऊण मीटरहून अधिक. 'मी तर रुळाच्या बाहेर उभा होतो' म्हणणारा गाडीच्या वाटेतच उभा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दुसरी गाडी. हे माझ्या मते सगळ्यात कमी छापलं जाणारं आणि सगळ्यात जास्त छापायला हवं असं कारण आहे. माणूस शिस्तीत उभा असतो. समोरून गाडी धडधडत जाते. तिचा शेवटचा डबा गेला की तो लगेच पाऊल टाकतो, आणि पलीकडच्या मार्गावर विरुद्ध दिशेने येणारी गाडी त्याला दिसलेलीच नसते, कारण पहिल्या गाडीने ती झाकलेली असते. तिचा भोंगाही पहिलीच्या आवाजात बुडालेला असतो. तो थांबला होता. त्याने वाट पाहिली होती. त्याला बेपर्वा म्हणणं चूक आहे, पण त्याने केलेली चूक मात्र खरी आहे. शेवटचा डबा गेल्यावर आणखी दहा सेकंद थांबायचं आणि पलीकडची लाइन पूर्ण मोकळी दिसेपर्यंत पाय उचलायचा नाही, एवढं एक वाक्य त्या बातमीत असतं, तर ती वाचलेल्या माणसाला उपयोगी पडली असती.

हे समजून घेऊन काम करता येतं याचा पुरावाही आहे. मुंबईत वडाळ्याजवळ 2010 च्या सुमारास फायनलमाइल या संस्थेने रेल्वेबरोबर एक प्रयोग केला. काही स्लीपर अंतरा-अंतराने पिवळे रंगवले, म्हणजे गाडी किती वेगाने पट्टे गिळत येते आहे ते डोळ्यांना मोजता येईल. एका लांबलचक भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे द्यायला सांगितलं, कारण मधली शांतता कान टवकारायला लावते. आणि गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीती दाखवणारे फलक ओलांडण्याच्या जागी लावले. 'रूळ ओलांडणे गुन्हा आहे' ही पाटी तिथे त्याआधीही होती, ती कोणी वाचत नव्हतं. जबाबदारी त्या माणसाचीच होती. ती पार पाडायला त्याला कोणीतरी डोळे आणि कान दिले.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. एका रात्री चार ओळींची बातमी आली. चोविशीतला मुलगा, रूळ ओलांडताना गाडीची धडक, खिशात इयरफोन सापडले. मी मथळा दिला: 'हेडफोनचा नाद जिवावर बेतला'. पंधरा दिवसांनी त्याचा मोठा भाऊ कार्यालयात आला. आरडाओरडा नाही, काही नाही. टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली, पोलिसांनी परत दिलेल्या वस्तूंची. त्यात इयरफोन होते, वायर घडी घालून रबर लावलेली. रबर. तो म्हणाला, "ताई, हे त्याच्या खिशात असेच होते. कानात नव्हते. आई रोज विचारते, इतकं काय ऐकत होता तो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'सापडले' या शब्दाचं मी 'ऐकत होता' करून टाकलं होतं, केवळ मथळा चांगला बसला म्हणून. दुसऱ्या दिवशी खुलासा छापला, पान सातवर, दोन ओळी. मथळा पान तीनवर होता.

बरीच वर्षं उलटल्यावर माझ्या वाचनात एक अभ्यास आला. अमेरिकेत 2004 ते 2011 या काळात हेडफोन लावलेल्या पादचाऱ्यांच्या अपघातांची 116 प्रकरणं गोळा केली होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत धडक रेल्वेगाडीची होती आणि एकूण प्रकरणांपैकी 70 टक्के मृत्यूची. आकडे विचार करायला लावणारे आहेत, आणि हेडफोन लावून रुळांवर जाणं जिवावर बेतू शकतं याबद्दल मला शंका नाही. पण ही प्रकरणं गोळा करण्याचा एक मोठा स्रोत होता वर्तमानपत्रांतल्या बातम्या. वाचताना मला ती रबर लावलेली वायर आठवली. डेस्कवरचा एक शब्द किती लांब जातो, हे मला तेव्हा समजलं.

तुम्ही म्हणाल, इतकं खोलात गेल्यावर कोणाचीच चूक उरत नाही. तसं होत नाही. उलट एकेकाचा वाटा वेगळा दिसायला लागतो. 19 ऑक्टोबर 2018 ला अमृतसरला जोडा फाटकाजवळ दसऱ्याला रावणदहन बघत रुळांवर उभ्या असलेल्या गर्दीत गाडी शिरली, सुमारे 60 माणसं गेली. पहिल्या काही तासांत सगळा रोख चालकावर होता. चालकाने आत्महत्या केली अशी अफवा आणि त्याच्या नावाची बनावट चिठ्ठीही फिरली, तो जिवंत होता. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत रुळांवर उभ्या राहिलेल्या लोकांचा निष्काळजीपणा हे कारण दिलं गेलं. राज्य सरकारने नेमलेल्या चौकशीत आयोजक, पोलीस, महापालिका आणि रेल्वेचे कर्मचारी यांच्यावर ठपका आला. एकाच संध्याकाळची ही दोन उत्तरं. मला दोन्ही खोटी वाटत नाहीत. रुळांवर उभं राहू नये, हे तिथल्या प्रत्येक प्रौढ माणसाला ठाऊक होतं. आणि रुळांना लागून असलेल्या मैदानावर हजारोंची गर्दी जमणार, फटाक्यांच्या आवाजात भोंगा ऐकू येणार नाही, हे जमवणाऱ्यांना आणि परवानगी देणाऱ्यांना ठाऊक असायला हवं होतं. बातमीत दोन्ही लागतं. चालकाबद्दलच्या अफवेला त्यात जागा नव्हती.

आणि कधी कधी 'स्वतःची जबाबदारी' हा प्रश्न विचारणंच अंगावर येतं. 8 मे 2020, टाळेबंदी. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघालेले मजूर रात्रभर रुळांच्या कडेने चालले आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. 16 जण गेले. 'रुळांवर कोण झोपतं?' असं त्या दिवशी पुष्कळांनी विचारलं, शिकल्यासवरल्यांनी विचारलं. जो माणूस समजतो की गाड्या बंद आहेत, ज्याला रस्त्यावर पोलीस अडवतील अशी भीती आहे, जो अंधारात वाट चुकू नये म्हणून रूळ धरून चालतो, तो झोपतो. चूक होती का? होती: गाड्या बंद असल्याची समजूत चुकीची होती, मालगाड्या चालू होत्या. ही एक गोष्ट त्यांना कोणी ठणकावून सांगितली असती तर? रुळांवर विखुरलेल्या भाकरी-पोळ्यांचं छायाचित्र सगळ्यांनी छापलं. मी तेव्हा डेस्कवर होते, आम्हीही छापलं. आज विचाराल तर मालगाड्या टाळेबंदीतही धावत आहेत ही माहिती त्याआधीच्या आठवड्यांत पहिल्या पानावर ठळक छापायला हवी होती. आम्ही छापली नाही.

चूक ज्याची आणि जीव ज्याचा तो माणूस दरवेळी एकच असतो असंही नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात 20 फेब्रुवारी 2014 ला एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी मंडळी नदीवरच्या रेल्वे पुलावर गेली. रेल्वे कंपनीने परवानगी नाकारलेली होती. रुळांवर पलंग मांडला, आणि मालगाडी आली. 27 वर्षांची कॅमेरा सहायक मारली गेली. ती तिथे का उभी होती? वरिष्ठांनी उभं केलं म्हणून. दिग्दर्शकाने न्यायालयात सदोष मनुष्यवधाचा आणि विनापरवाना प्रवेशाचा गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेला. पुढे 2017 मध्ये दिवाणी खटल्यात ज्यूरीने रेल्वे कंपनीवरही 35 टक्के जबाबदारी टाकली. मुलीच्या बाजूचा युक्तिवाद होता की त्याआधी तिथून गेलेल्या गाड्यांच्या कर्मचाऱ्यांना ही माणसं रुळांजवळ दिसली होती आणि त्यांनी कळवलं नाही. जबाबदारी अशी टक्क्यांत वाटता येते, हे आमच्या चार ओळींच्या बातमीच्या गावीही नसतं.

आपल्याकडे तर मोजणीतच एक मोठी गोम आहे. 2012 मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने रेल्वे सुरक्षेचा अहवाल दिला. रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे 15,000 माणसं मरतात असा त्यात अंदाज होता, आणि समितीने त्याला संहार म्हटलं. तरी हे मृत्यू रेल्वेच्या अपघातांच्या हिशेबात धरले जात नव्हते, कारण ती माणसं तिथे असायलाच नको होती. कायद्याच्या दृष्टीने ते खरं आहे. पण 'असायला नको होती' म्हटल्यावर ती का होती हे कोणी विचारत नाही. माध्यमांनीही तीच सवय उचलली. दोन गाड्यांची टक्कर झाली की आठ कॉलमचा मथळा, आणि त्याच आठवड्यात रुळांवर त्याहून जास्त माणसं एकेकटी गेली तरी संक्षिप्तमध्ये चार-चार ओळी.

मी हे बदलायचा एक प्रयत्न केला, तो सांगते. वर्षभराची आमचीच कात्रणं काढून बसले, तर एकाच स्थानकालगतचा एकाच पुलाजवळचा पट्टा पुन्हा पुन्हा येत होता. प्रत्येक वेळी बातमी सुटी, प्रत्येक वेळी 'निष्काळजीपणे'. एका दुपारी जाऊन बघितलं. पादचारी पूल होता, चांगला होता. पण त्याचा जिना पलीकडे रिकाम्या बाजूला उतरत होता, वस्ती आणि बाजार उलट दिशेला. भिंतीला खिंडार होतं, विटा काढून बाजूला पायरीसारख्या रचलेल्या. खडीवरून वाट इतकी मळलेली की दगडांच्या कडा गुळगुळीत झालेल्या. मी घड्याळ लावून दोन्हीकडून गेले. पुलावरून अकरा मिनिटं. खिंडारापासून पलीकडच्या वाटेपर्यंत, रुळांवर न उतरता नुसतं डोळ्यांनी मोजलं, एक मिनिटही नाही. तिथे उभी असताना एक आजी पाठीवर गाठोडं घेऊन उतरली. मी म्हटलं, आजी, पूल आहे की. तिने गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जिना चढून दाव मला."

त्या आजीची जबाबदारी नाही असं मी म्हणणार नाही. तिने पुलावरूनच जायला हवं होतं. पण तिची चूक आणि जिन्याची दिशा, या दोन्ही गोष्टी मी त्या दिवशी एका बातमीत लिहिल्या, नकाशासकट. खिंडार बुजवलं गेलं. तीन आठवड्यांत शेजारी दुसरं पडलं. जिना बाजाराच्या बाजूला वळवायला आणि उतार करायला पुढे दोन वर्षं लागली, आणि ती वाट त्यानंतरच मोडली.

आत्महत्येबद्दल थोडंच लिहिते, कारण तो वेगळा विषय आहे आणि या बातम्यांत सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. तिथे 'चूक कोणाची' हा प्रश्नच लावू नये. व्हिएन्नात 1980 च्या दशकात भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या भडक बातम्या येत होत्या. 1987 च्या मध्यापासून वर्तमानपत्रांनी तज्ज्ञांच्या सूचना मानून त्या कमी केल्या आणि साध्या केल्या. त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीपेक्षा दुसऱ्या सहामाहीत भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या आणि तसे प्रयत्न 80 टक्क्यांहून अधिक घटले. भारतीय प्रेस कौन्सिलनेही 2019 मध्ये याबाबत मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. पद्धत लिहायची नाही, जागा रंगवायची नाही, एकच कारण चिकटवायचं नाही, मदतीचा क्रमांक द्यायचा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 आहे, तो द्यायला अर्धी ओळ लागते.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. चूक लिहावी, नेमकी लिहावी, आणि तिच्या शेजारी ती जागा लिहावी. कोणाला दोषी ठरवायचं ते चौकशीवर सोडावं. 'बेपर्वा', 'नाद', 'हौस', 'मोह' हे शब्द काढून टाकावेत. नवीन उपसंपादकांना शिकवताना मी हाच एक नमुना देते.

आलेली बातमी अशी: 'निष्काळजीपणे रूळ ओलांडणाऱ्या 40 वर्षीय महिलेला भरधाव रेल्वेने चिरडले. ही घटना काल सायंकाळी घडली. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे.'

एक फोन पोलिसांना, एक स्थानकात आणि एक तिथल्या चहावाल्याला, असे तीन फोन केल्यावर छापायची बातमी अशी: 'रूळ ओलांडत असलेल्या 40 वर्षीय महिलेचा काल सायंकाळी गाडीची धडक बसून मृत्यू झाला. एक गाडी गेल्यानंतर त्या पुढे निघाल्या असता पलीकडच्या मार्गावरून विरुद्ध दिशेने दुसरी गाडी आली, असे एका प्रत्यक्षदर्शीने सांगितले. चालकाने भोंगा वाजवून ब्रेक लावला होता, असे रेल्वेचे म्हणणे आहे. घटनास्थळापासून पादचारी पूल सुमारे 400 मीटरवर आहे. तेथील संरक्षक भिंत दोन ठिकाणी तुटलेली आहे. याच ठिकाणी गेल्या वर्षभरात झालेला हा चौथा मृत्यू आहे. गाडी गेल्यानंतर पलीकडचा मार्ग पूर्ण दिसेपर्यंत पाऊल टाकू नये, असे रेल्वे पोलिसांनी सांगितले.'

'भरधाव' काढलं, कारण गाडी तिच्या ठरलेल्या वेगात होती. 'निष्काळजीपणे' काढलं, कारण त्या थांबल्या होत्या. 'रूळ ओलांडत असलेल्या' ठेवलं, कारण त्या ओलांडत होत्या आणि ते पाहणारा माणूस होता. जागा जवळपास चौपट लागते. जाहिरात विभागाशी बोलून ती मिळते, मी मिळवली आहे.